बसून राहण्याचा हक्क

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. सकाळचे सहा वाजले होते. जिल्हा परिषद हायस्कूलच्या मैदानावर भरतीची पोरे ६० मीटरच्या फेऱ्या मारत होती आणि आम्ही त्यांच्याबरोबर धावत होतो. पाचव्या फेरीत चाळीस मीटरच्या खुणेजवळ उजव्या मांडीच्या मागे कुणीतरी दगड भिरकावल्यासारखे झाले. ‘टप्’ असा आवाज आम्हाला स्वतःला जाणवला. मागे वळून पाहिले तर कुणीच नव्हते. पुढची दोन पावले लंगडत टाकली आणि मुरमावर बसलो.

आमचे वय छत्तीस. नागसेनवनात शिकत असताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत १०० मीटर धावायचो. पदक एकही नाही, पण अंतिम फेरीत दोनदा पोहोचलो होतो आणि त्याचा माज पुढे दहा वर्षे पुरला. नंतर समाजशास्त्रात एमए, मग सामाजिक कामात; जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाचे प्रवेश, पोलीस ठाण्याच्या चकरा. गेली पाच वर्षे सकाळी साडेपाच ते सात आम्ही वस्तीतल्या पोरापोरींना मैदानावर घेतो. पोलीस भरतीची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. १०० मीटरमध्ये सेकंदाच्या अंशावर गुण वरखाली होतात. त्यामुळे वेगाने धावणे ही आमच्याकडे हौस नाही. एखाद्या घरात पहिली पगाराची नोकरी येणार की नाही, हे त्या चुन्याच्या दोन रेषांमध्ये ठरते.

दुखापत का झाली, हे आधी कबूल केले पाहिजे. आदल्या रात्री एक वाजेपर्यंत बैठक होती. झोप चार तास. मैदानावर उशिरा पोहोचलो म्हणून अंग गरम करायचे टाळले आणि थेट पोरांच्या रांगेत उभे राहिलो. ‘वॉर्मअप केल्याशिवाय रेषेवर यायचे नाही’ हा नियम त्या मैदानावर कुणी केला, असे विचाराल तर आम्हीच.

पोरांनी उचलून घरी आणले. एकाने तीळतेल गरम केले, दुसऱ्याने जोर लावून चोळले, तिसऱ्याने विटेचा शेक दिला. सगळे प्रेमाने आणि सगळे चुकीचे. स्नायू फाटलेला असताना पहिल्या दिवशी जोरात चोळले आणि शेकले तर आतला रक्तस्राव आणि सूज वाढण्याची भीती असते. दुसऱ्या दिवशी मांडीमागे जांभळा डाग उतरला, तिसऱ्या दिवशी तो गुडघ्याच्या खोबणीपर्यंत आला. डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिले, गोळ्या लिहिल्या आणि चिठ्ठीवर लिहिले, ‘तीन आठवडे विश्रांती.’

आई बाजूला बसून शेंगा फोडत होती. चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, “पायाला इतकुसं झालं तर तीन आठवडे बसायचं? तू झालास तव्हा मी बाराव्या दिशी निंदायला गेले होते.”

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरेच नवल वाटले होते. तिच्या उभ्या आयुष्यात ‘बसून राहा’ असे लिहिलेला कागद तिला कुणी दिला नाही. पाठ धरली तरी रोजगार हमीच्या खडीवर जायचे, ताप आला तरी जायचे. शरीर थकले असे म्हणण्याचा अधिकार ज्याच्या घरात दुसऱ्या दिवसाचे पीठ आहे त्यालाच असतो. आम्ही एमएला पिएर बुर्द्यू वाचला होता. कष्टकरी माणूस आपल्या शरीराकडे हत्यार म्हणून पाहतो, दुखणे कामाच्या आड येईपर्यंत त्याची दखल घेत नाही, असा त्याचा मुद्दा. परीक्षेत त्यावर चांगले गुण मिळाले होते. तो मुद्दा आमच्या स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसला आहे, हे कळायला मांडी फाटावी लागली.

आणि कळूनही आम्ही काय केले? बाराव्या दिवशी मैदानावर गेलो. (बारावा दिवस हा योगायोग की आईची बरोबरी करण्याची खुमखुमी, हे आता सांगता येणार नाही.) चालताना दुखत नव्हते, जिना चढताना दुखत नव्हते. हळू दोन फेऱ्या मारल्या, तेव्हाही काही नाही. म्हणजे बरे झालो, असे धरून पोरांबरोबर एक ६० मीटर ‘जरा जोरात’ मारले. या वेळी चाळीस मीटरही झाले नाहीत. तीसलाच गेली. जागा तीच, दुखणे दुप्पट.

इथे मित्रहो, थोडे शास्त्र सांगतो, कारण मैदानावर धावणाऱ्या आपल्या हजारो पोरांना हे कुणी सांगत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूंच्या गटाला हॅमस्ट्रिंग म्हणतात. वेगात धावताना पाय पुढे झेपावतो आणि जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी या स्नायूंना तो पुढे जाणारा पाय आवरावा लागतो. म्हणजे स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. बहुतेक स्प्रिंटरांची मांडी या क्षणी जाते, आणि जास्त करून बाहेरच्या बाजूचा स्नायू जातो. चालताना, जॉगिंग करताना हा ब्रेक जवळजवळ लागतच नाही. म्हणून दोन फेऱ्या न दुखता मारल्या याचा अर्थ मांडी बरी झाली असा होत नाही. मांडीला अजून प्रश्नच विचारलेला नाही, एवढाच होतो. त्यातही वेग ८० टक्क्यांवरून १०० वर नेला की ताण त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढतो. ‘जरा जोरात’ या शब्दांनी आपली जितकी पोरे जायबंदी झाली असतील तितकी खड्ड्यांनी झाली नसतील, असे आमचे मत आहे.

दुसऱ्यांदा फाटल्यावर घरी पडून असताना आम्हाला एका मुलाची आठवण पाठ सोडेना. त्याबद्दल लिहायचे म्हणूनच हा लेख लिहायला घेतला आणि इतका वेळ त्याच्याभोवती फिरतो आहोत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बॅचमध्ये एक मुलगा होता. आईबाप दर हंगामात ऊसतोडीला जाणारे, हा गावात आजीजवळ राहून शिकलेला. पोरगा १०० मीटरला बॅचमध्ये पहिला. ग्राउंडची तारीख तीन आठवड्यांवर आली तेव्हा तो एका सकाळी म्हणाला, “दादा, मांडीमागं चमक येती.” आम्ही काय म्हणालो ते शब्दन्‌शब्द आठवते. आम्ही म्हणालो, “बाबासाहेबांनी काय काय सोसलं, आणि तुला मांडी दुखती?” पोरे हसली. तोही हसला आणि रेषेवर उभा राहिला. त्यानंतर त्याने एकदाही तक्रार केली नाही. ग्राउंडवर १६०० मीटर रडतखडत काढले. १०० मीटरला साठपर्यंत सगळ्यांच्या पुढे होता, तिथे त्याने मांडी धरली. उरलेले अंतर तो उड्या मारत गेला. यादीत नाव आले नाही. आता तो मोंढ्यात पोती उचलतो.

आम्ही त्या मुलाला धीर दिला असे तेव्हा आम्हाला वाटले होते. खरे तर आम्ही बाबासाहेबांच्या नावाने त्याचे तोंड बंद केले.

चळवळीत ही सवय आपल्याला लागलेली आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. झिजणारा कार्यकर्ता मोठा. रात्र रात्र जागणारा मोठा. ताप अंगावर काढून मोर्चात आलेला त्याहून मोठा. शोषितांच्या शरीराकडून व्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या जे वसूल केले, तेच आपण एकमेकांकडून त्यागाच्या नावाखाली वसूल करतो आणि वर टाळ्या वाजवतो. भरतीच्या पोरांना प्रेरणा म्हणून आम्ही दर वर्षी एक व्हिडिओ दाखवायचो. १९९२, बार्सिलोना ऑलिंपिक, ४०० मीटरची उपांत्य फेरी. ब्रिटनच्या डेरेक रेडमंडची मांडी धावता धावता जाते, प्रेक्षकांतून त्याचे वडील धावत येतात आणि त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून तो रेषा ओलांडतो. पाहणाऱ्यांचे डोळे भरून येतात, आमचेही यायचे. पण हाच रेडमंड १९८८ साली सोलमध्येही घोटेशिरेच्या दुखापतीमुळे शर्यतीआधीच बाहेर पडला होता आणि बार्सिलोनानंतर तो पुन्हा कधी ऑलिंपिकमध्ये धावला नाही, हे आम्ही पोरांना सांगत नव्हतो. कारण त्यातून स्फुरण चढत नाही. त्याच्या बापाने येऊन त्याला आधार दिला, हे खरे त्या व्हिडिओतले पाहण्यासारखे. आम्ही पोरांना लंगडणे तेवढे दाखवले.

बाबासाहेबांचेच नाव घ्यायचे तर ते पुरते घ्यावे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी कामगारांना आणखी सोसायला सांगितले नाही. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामगाराला पगारी सुट्टी मिळाली, आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. (व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘चौदाचे आठ तास’ हा आकडा वापरू नका. खरा आकडा कायद्यात आहे आणि तो पुरेसा मोठा आहे.) सुट्टी असूनही चूल पेटली पाहिजे, हा विचार कायद्यात आणणारा माणूस आमच्या आईच्या बाजूने होता. आम्ही त्याचे नाव घेऊन एका दुखऱ्या पोराला रेषेवर उभे केले.

दुसऱ्या दुखापतीनंतर एका मित्राने धरून जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेले. एका वेळचे चारशे रुपये, शिवाय एसटीचे भाडे. आम्ही पगारी माणूस असून तीनदाच गेलो. पोती उचलणारा किती वेळा जाणार? बाईंनी पहिल्या भेटीत तपासून सांगितले, स्नायू अर्धवट फाटला आहे, घाई केली नसती तर एव्हाना निम्मे काम झाले असते. मग एक वही करायला लावली. रोज व्यायाम लिहायचा आणि पुढे दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. दोनपर्यंत चालेल, तीन झाले की थांबायचे, दुसऱ्या सकाळी जास्त दुखले तर आदल्या दिवसाचे पाऊल मागे घ्यायचे.

ती वही आमच्या कामाची निघाली. धम्मात वेदना या शब्दाचा अर्थ नुसते दुखणे नव्हे; सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशी जी संवेदना उठते तिला नुसते पाहायचे असते. शिबिरांत हे आम्ही दुसऱ्यांना समजावून सांगत आलो. पण ‘आज एक, काल दोन, परवा चार’ असे पेन्सिलीने लिहिताना आम्ही पहिल्यांदा आपल्या शरीराचे ऐकत होतो. सोसायचेही नव्हते आणि बोंबलायचेही नव्हते, फक्त खरे लिहायचे होते.

व्यायाम साधे होते आणि सगळे घरी झाले. पहिल्या आठवड्यात पाठीवर झोपून टाचा जमिनीत रोवायच्या आणि कंबर उचलून धरायची. मग तेच एका पायावर. मग वीस लिटरचा पाण्याचा जार अर्धा भरून, गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायचे. स्नायू ताणला जात असताना त्याच्याकडून काम करून घ्यायचे, हे यातले मर्म. स्वीडनमध्ये कार्ल आस्कलिंग यांनी स्प्रिंटर आणि उडी मारणाऱ्या खेळाडूंचे दोन गट करून पाहिले होते. अशा ताणून करायच्या व्यायामांचा गट सरासरी ४९ दिवसांत सरावाला परतला, नेहमीच्या व्यायामांचा ८६ दिवसांत. लक्षात घ्या, उत्तम सोयी असलेल्या खेळाडूंनाही ४९ दिवस लागले. आम्ही बाराव्या दिवशी गेलो होतो.

सहाव्या आठवड्यात नॉर्डिक सुरू केले. गुडघ्यांवर उभे राहायचे, मागून कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि सरळ शरीर सावकाश पुढे झुकवत न्यायचे, जमेल तितके रोखत, शेवटी हातांवर पडायचे. डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. हा व्यायाम करणाऱ्यांत हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत ५२. याला मशीन लागत नाही, जिमची फी लागत नाही. लागतो तो घोटे धरणारा दुसरा माणूस.

धावणे आठव्या आठवड्यात सुरू केले, तेही घड्याळ लावून. आमची ६० मीटरची वेळ आठ सेकंदांची. म्हणजे ६० टक्के वेग पाहिजे असेल तर ६० मीटरला जवळपास साडेतेरा सेकंद लागले पाहिजेत, ८० टक्क्यांना दहा, ९० टक्क्यांना जवळपास नऊ. आपली वेळ भागिले टक्के, इतकाच हिशेब आहे; मोबाइलमधले घड्याळ पुरते. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर. दर आठवड्याला थोडे वर. पोरे बाजूने सुसाट जात आणि आम्ही साडेतेरा सेकंदांत ६० मीटर! एक पोरगी म्हणाली, “दादा, वरातीत चालल्यासारखं वाटतंय.” छत्तिसाव्या वर्षी, आपणच शिकवलेल्या पोरांसमोर हळू धावण्याइतके अवघड काम आम्ही मैदानावर दुसरे केलेले नाही.

या काळात सोण भिक्खूची गोष्ट वारंवार आठवायची. चंपानगरीतल्या श्रीमंत घरातला हा तरुण संघात आला आणि चंक्रमण करता करता तळपायांतून रक्त गळेपर्यंत चालत राहिला. तरी काही साधेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धाने त्याला वीणेवरूनच समजावले, तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. गोष्ट इथपर्यंत आपण सगळे सांगतो. पण विनयातल्या महावग्गात ती पुढे जाते. बुद्धाने नुसता उपदेश करून त्याला परत पाठवले नाही, त्याला पायताण वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, संघाला मिळणार असेल तर घेईन. मग बुद्धाने सगळ्या भिक्खूंना एका तळव्याची पायताणे घालण्याची अनुमती दिली. ज्यांच्या पूर्वजांना गावातून जाताना पायताण हातात घ्यावे लागत होते, त्यांनी ही गोष्ट पायताणापर्यंत सांगायला नको का?

तेराव्या आठवड्यात ९० टक्क्यांवर आलो आणि तिथेच अडकलो. वहीत दुखण्यापुढे शून्य होते, तरी चाळीस मीटरची खूण जवळ आली की पाय आपोआप आखडायचा. मांडी तयार होती, मन नव्हते. फोनवर बाईंनी सांगितले, भीतीचाही आकडा लिहा. लिहिला, सात. महिनाभर तो आकडा घासाघीस करत खाली आणला.

याच दिवसांत मोंढ्यात बियाण्याच्या कामाला गेलो असताना तो मुलगा भेटला. पाठीवर पोते होते. ते उतरवून म्हणाला, “जयभीम दादा. पाय मोडला म्हणं तुमचा?” आम्ही त्याला चहाला नेले. माफी मागायची हे ठरवून ठेवलेले होते, पण शब्द आले ते वेडेवाकडे. त्याने ऐकून घेतले, बशीत चहा ओतला, म्हणाला, “मला वाटलं तुम्हाला आठवत नसंल.” त्यापुढे दोघेही काही बोललो नाही. निघताना त्याने विचारले, “मग तुमची बरी कशी झाली?” आम्ही म्हणालो, “अजून झाली नाही. घोटे धरायला माणूस पाहिजे.”

पुढच्या रविवारी तो आला. पोती उचलून हात असे झाले आहेत की त्याने घोटे धरल्यावर आम्हाला हलता येईना. आमचे आठ नॉर्डिक झाल्यावर आम्ही त्याचे घोटे धरले. तिसऱ्यातच तो धपकन पडला आणि उजवी मांडी चोळत बसला. दोन वर्षांनंतरही ती बाजू कच्ची होती. पोते उचलायला पुरत होती, तेवढीच.

मैदानावर आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. पेटीत गोळ्याशेजारी वीस वह्या आहेत, आणि सकाळी रेषेवर जाण्याआधी प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने सांगायचा. सुरुवातीला सगळे ‘शून्य, शून्य’ ओरडायचे, अगदी लंगडत आलेलाही. म्हणून पहिला आकडा आम्ही आमचा सांगू लागलो. मागच्या आठवड्यात एका पोरीने तीन सांगितले आणि कट्ट्यावर जाऊन बसली. कुणी हसले नाही. आमचे पूर्ण वेगाचे पहिले ६० मीटर फेब्रुवारीच्या शेवटी झाले, आठ पूर्णांक तीन. चाळीसची खूण गेल्यावर कळले की ती गेली.

त्या मुलाचे वय सत्तावीस. मागासवर्गीयांना भरतीची मर्यादा तेहतीस आहे, हे त्याने आम्हाला सांगायच्या आधीच मोजून ठेवले होते. “सोमवारपास्नं येऊ का, दादा?” ये म्हणालो, पण पहिले दोन आठवडे फक्त चालायचे आणि घोटे धरायचे. तो म्हणाला, “पोती उचलणाऱ्याला चालायला सांगता व्हय?” आणि वही मागितली. पहिल्या पानावर त्याने तारीख घातली आणि पुढे लिहिले, दोन.